नवी रोड बाइक घेण्याआधी जुनीकडून काय काय वसूल करायचं

रोड सायकलिंगचा नाद लागला की तीन-चार महिन्यांत नजर दुसऱ्यांच्या सायकलींवर जायला लागते. नवी घ्यायला कुणाचीच ना नाही. पण आहे ती सायकल नीट लावून निदान दोन हजार किलोमीटर चालवल्याशिवाय आपल्याला नेमकं काय कमी पडतंय ते कळत नाही, आणि मग ते दुकानदार ठरवतो.

आधी वजनाचा हिशेब करून टाका, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. चालवणारा ७५ किलोचा आणि सायकल १० किलोची, म्हणजे चढावर ८५ किलो ओढायचे. सायकल एक किलोने हलकी झाली, तर तासाभराच्या खड्या चढाला साधारण ४० सेकंद वाचतात. सपाटीवर तेवढेही नाहीत. तिथे झगडा वाऱ्याशी असतो, आणि वारा अडतो तो मुख्यतः आपल्या अंगाला. यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या शर्यतींत तर ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालतच नाही.

पहिलं काम सीटच्या उंचीचं. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभे राहा, जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट वर सरकवा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या आकड्याला ०.८८३ ने गुणा. माप ८० सेंमी आलं, तर बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) रेषेत, ७०.६ सेंमी हवेत. ही फक्त सुरुवात. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. पुढे गुडघ्याच्या वाटीपाशी दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. गुडघ्यामागे ताण येत असेल किंवा कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तर ती जास्त वर आहे. एका वेळी ३ ते ५ मिमीच बदला, दोन राइड करा, मग पुन्हा बघा. हाताला मुंग्या येत असतील तर ग्लोव्ह्जवर खर्च करण्याआधी सीटचं नाक खाली झुकलंय का ते पाहा. झुकलं असेल तर शरीर पुढे घसरतं आणि सगळा भार तळहातांवर येतो.

नंतर टायर. स्वस्त सायकलवर येणारे कडक, जड टायर काढून मऊ कडांचे चांगले टायर टाकले, तर फरक पहिल्याच राइडला कळतो. त्याच खर्चात दुसरा कुठलाच भाग एवढं देत नाही. टायरवर छापलेला आकडा कमाल हवेचा असतो, तेवढी भरायची नसते. ७० किलोच्या माणसाला २५ मिमीच्या टायरमध्ये ८५ पीएसआयच्या आसपास आणि २८ मिमीच्या टायरमध्ये ७० च्या आसपास पुरते, पुढच्या चाकात तीन-चार कमीच. रुंद टायर घेताना फ्रेम आणि ब्रेकपाशी ४ मिमी जागा उरते का ते तपासा. जुने टायर फेकू नका. सायकल विकताना तेच परत चढवायचे आणि चांगले नव्या सायकलवर न्यायचे, बसत असतील तर.

चेन मोजायला साधी इंचाची पट्टी पुरते, मात्र ती धातूची हवी. चेन ताणलेली ठेवून शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. नव्या चेनमध्ये चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर येते. ती एक षोडशांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश पुढे गेली असेल तर कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) बहुधा गेली. अशा कॅसेटवर नवी चेन टाकली की नेमक्या रोजच्या गिअरमध्ये, जोर लावल्यावर, ती दात सोडून उडी मारते. तेल प्रत्येक रोलरवर एकच थेंब, दहा मिनिटं थांबून बाहेरून कोरड्या फडक्याने पुसायचं. वरवर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि त्याची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते.

आता नवी सायकल कमावण्याचं. एक चढ ठरवा आणि महिन्यातून एकदा तोच चढ घड्याळ लावून करा. वेळेपुढे काय आडवं आलं ते एका ओळीत लिहा. ‘गिअर संपले’ असं सारखं येत असेल तर ११-२८ ऐवजी ११-३२ कॅसेट (आकडे सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चकतीच्या दातांचे) लावून भागतं का बघा; मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) ३२ दातांची चकती झेपते का, ते आधी विचारा. ‘दम संपला’ असं येत असेल तर त्यावर नवी सायकल हा इलाज नाही. दर वेळी त्याच त्याच तक्रारीपाशी गाडी अडली आणि जुन्या फ्रेमवर तिची दुरुस्तीच शक्य नसली, तर नवी घ्या. पैशांसाठी, गाडीऐवजी सायकलने केलेल्या प्रत्येक फेरीचं पेट्रोल किंवा भाडं त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. जमलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा बुटं, पंप आणि पेडलसाठी ठेवा, कारण चांगल्या रोड बाइक बऱ्याचदा पेडलशिवायच मिळतात.

नवी निवडताना फ्रेमच्या साइझचा, समजा ५४, हा आकडा प्रत्येक कंपनीत वेगळा बसतो, म्हणून साइझच्या नावावर जाऊ नका. जुनी आणि नवी, दोन्ही अशा मोजा. सायकल सपाट जमिनीवर सरळ उभी करून पुढचं चाक भिंतीला टेकवा. भिंतीपासून बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर आणि हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड नळीच्या) वरच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, यांतला फरक म्हणजे रीच. त्याच दोन बिंदूंच्या जमिनीपासूनच्या उंचीतला फरक म्हणजे स्टॅक. दोन सायकलींच्या रीचमधला सेंटीमीटरभर फरक स्टेम (हँडल धरणारा तुकडा) बदलून भरून निघतो, त्याहून जास्त असेल तर दुसरी साइझ बघा.

वापरलेली घेत असाल तर दिवसा उजेडीच बघा, तीही पुसून घेऊन. हेड ट्यूब आणि डाउन ट्यूब (तिथून बॉटम ब्रॅकेटकडे उतरणारी नळी) जिथे जुळतात तिथली खालची बाजू तड्यासाठी नखाने चाचपा. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) सैल करून हलते का ते पाहा, अडकलेली काढणं महाग पडतं. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर रबर दाबणारा) असेल तर रिमच्या कडेवर पट्टी आडवी धरा; मधे फट दिसली तर रिम झिजली, चाकाचा खर्च किमतीतून वजा करा. कार्बनवर नाण्याने हळू टकटक करत जा. एखाद्या ठिकाणी आवाज अचानक बद्द झाला तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. बॉटम ब्रॅकेटखालचा सीरियल नंबर बिलाशी जुळवा. आणि जुनी सायकल दुसऱ्याच्या हाती जाण्याआधी तिच्या सीटची उंची आणि सीटच्या टोकापासून हँडलबारपर्यंतचं अंतर वहीत उतरवून घ्या. नव्या सायकलवर पहिल्या दिवशी हेच आकडे लावायचे आहेत.