विंडोज ११ बसवल्यानंतर जुने मराठी डीटीपी सॉफ्टवेअर पुन्हा कसे चालू करावे

विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डीटीपी (संगणकावर छपाईची पाने जुळवण्याच्या) व्यावसायिकांनी विंडोज ११ कडे जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती म्हणजे त्यांच्या संगणकांतील अनेक पुस्तकांचा आणि दिवाळी अंकांचा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणारी युनिकोड ही सामायिक पद्धत रूढ होण्याआधीच्या फॉन्टमध्ये आहे, आणि तो उघडणारे सॉफ्टवेअर बंद पडले तर मजकूरही हाती लागत नाही.

म्हणून सॉफ्टवेअर चालेनासे झाले तरी ते लगेच काढून टाकू नये. आधी सर्व फाइली, फॉन्ट, मूळ सीडी आणि अनुक्रमांक यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. अद्ययावत केल्यापासून साधारण १० दिवस ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ येथून आधीच्या विंडोजकडे मागे जाता येते, परंतु ती मुदत संपण्याची वाट पाहू नये.

यानंतर प्रोग्रॅम कोणत्या पिढीचा, म्हणजे डॉसवरचा, १६-बिट की ३२-बिट आहे ते पाहावे. विंडोज ११ फक्त ६४-बिट स्वरूपात येते आणि त्यावर १६-बिट प्रोग्रॅम मुळीच चालत नाहीत. काही वेळा प्रोग्रॅम ३२-बिट असतो, पण सीडीवरचा इन्स्टॉलर १६-बिट असल्यामुळे तो बसतच नाही. विंडोजपूर्वीच्या डॉस प्रणालीवरचा प्रोग्रॅम असेल तर डॉसबॉक्स हे डॉसची नक्कल करणारे सॉफ्टवेअर वापरावे.

३२-बिट प्रोग्रॅम असेल तर त्याच्या फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कम्पॅटिबिलिटी’ टॅब उघडावा आणि विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ निवडून पाहावे. मेनूतील अक्षरे पुसट दिसत असतील तर त्याच ठिकाणी ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’मध्ये बदल करावा. प्रोग्रॅमने डॉटनेट ३.५ या विंडोजच्या पूरक घटकाची मागणी केली तर ते ‘विंडोज फीचर्स’मधून चालू करता येते.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो अक्षरांचा. जुने फॉन्ट मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी व युरोपीय चिन्हांच्या जागी ठेवतात, त्यामुळे विंडोजने त्या जागांचा अर्थ बदलला की पानभर निरर्थक चिन्हे दिसू लागतात. अशा वेळी फाइल खराब झाली असे समजून ती नव्याने टाइप करायला बसू नये, आणि तशा अवस्थेत ती सेव्हही करू नये. ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘रीजन’, मग ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह’, मग ‘चेंज सिस्टिम लोकेल’ येथे इंग्रजी (युनायटेड स्टेट्स) ठेवावे, यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची एक पद्धत) वापरण्याच्या बीटा पर्यायावरची खूण असल्यास काढावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. फॉन्ट यादीतच दिसत नसेल तर त्यावर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडावे. साध्या पद्धतीने बसवलेला फॉन्ट केवळ त्या वापरकर्त्यापुरता राहतो आणि काही जुन्या प्रोग्रॅमना तो सापडत नाही.

डोंगल (परवान्याची खात्री करण्यासाठी संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) ओळखला जात नसेल तर कारण बहुधा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, असते, कारण ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाही. डोंगलच्या निर्मात्याकडून नवा ड्रायव्हर मिळवावा. ‘कोअर आयसोलेशन’मधील ‘मेमरी इंटेग्रिटी’ ही विंडोजची सुरक्षा सोय बंद केल्यास काही जुने ६४-बिट ड्रायव्हर चालतात, पण ग्राहकांच्या फाइली असलेल्या संगणकाचे संरक्षण असे कमी करणे मला योग्य वाटत नाही.

एवढे करूनही यश आले नाही, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) परवाना असलेले ३२-बिट विंडोज ७ बसवून, त्याचे इंटरनेट बंद ठेवून, जुने सॉफ्टवेअर त्यात चालवावे. तिथे फाइली उघडू लागल्या की सर्वांत आधी महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. पुष्कळ जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो, त्यामुळे रूपांतरानंतर ‘स्थिती’, ‘कीर्ती’ असे शब्द मूळ छापील पानाशी ताडून पाहावेत.