रॉयल्टी आली पण रिटर्नमध्ये भलतंच भरलं? लेखकांनो, या चुका टाळा

पुस्तकाची रॉयल्टी वर्षातून एकदा येते, तीही बेताचीच, म्हणून आपण पासबुक बघतो, आलेला आकडा रिटर्नमध्ये टाकतो आणि मोकळे होतो. पहिली गडबड इथेच. समजा प्रकाशकाने 80,000 रॉयल्टी काढली, आयकर कायद्याच्या 194जे कलमाखाली 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला टॅक्स) कापला आणि खात्यात 72,000 आले, तर तुमचं उत्पन्न 80,000 आहे. कापलेले 8,000 म्हणजे तुमच्याच नावावर भरलेला टॅक्स, तो वेगळा क्लेम करायचा. पॅन दिलेला नसेल तर कापणी 20 टक्के होते, तेव्हा प्रकाशकाकडे पॅन गेलाय का ते आधी बघा. आणि हो, 2025-26 पासून वर्षाला 50,000 पर्यंत रॉयल्टी असेल तर टीडीएस कापत नाहीत, पण कापला नाही म्हणून उत्पन्न दाखवायचंच नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आयकर पोर्टलवर 26एएस आणि एआयएस (तुमच्या नावावरचा टीडीएस आणि उत्पन्न दाखवणारी विवरणं) उघडून प्रकाशकाच्या स्टेटमेंटशी ताडून बघा. बऱ्याचदा प्रकाशक मार्चमध्ये हिशोब लिहून टीडीएस भरतो आणि पैसे देतो जूनमध्ये. मग लोक टीडीएस या वर्षी घेतात आणि उत्पन्न पुढच्या वर्षी दाखवतात, आणि नोटीस आली की प्रकाशकावर चिडतात. ज्या वर्षी उत्पन्न दाखवाल त्याच वर्षी त्याचा टीडीएस घ्यायचा, तोपर्यंत तो रिटर्नच्या टीडीएसवाल्या शेड्यूलमध्ये पुढे न्यायचा.

आता 80क्यूक्यूबी, म्हणजे लेखकांना रॉयल्टीवर वजावट देणारं कलम. साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय पुस्तकाच्या रॉयल्टीवर 3 लाखांपर्यंत वजावट मिळते हे सगळ्यांना कुठून तरी कळलेलं असतं, अटी मात्र कुणी वाचत नाही. गाईड, शालेय पाठ्यपुस्तकं, डायरी, मासिकं हे यात बसत नाही, म्हणजे दिवाळी अंकाचं मानधन रॉयल्टीत मिसळून वजावट घेऊ नका. दुसरं म्हणजे सगळे हक्क विकून एकरकमी पैसे घेतले नसतील तर विकलेल्या पुस्तकांच्या किमतीच्या 15 टक्क्यांपर्यंतचीच रॉयल्टी धरतात. 300 रुपयांच्या 1,000 प्रती खपल्या आणि 20 टक्क्यांनी 60,000 मिळाले, तर वजावटीसाठी 45,000 धरायचे, वरच्या 15,000 वर टॅक्स लागणारच. प्रकाशकाकडून फॉर्म 10सीसीडी, म्हणजे रॉयल्टीचा दाखला, सही करून घ्या, तो रिटर्नला जोडायचा नसतो पण विचारलं तर हाताशी हवा. रिटर्न मुदतीत भरलं नाही तर ही वजावट गेलीच म्हणून समजा.

आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे ही वजावट फक्त जुन्या रिजीममध्ये (करप्रणालीत) मिळते, आणि पोर्टल 2023-24 च्या उत्पन्नापासून नवीच रिजीम धरून चालतं. तुमची रॉयल्टी व्यवसायाचं उत्पन्न असेल तर जुन्यात जायला फॉर्म 10-आयईए मुदतीच्या आत भरायला लागतो, इतर उत्पन्न असेल तर रिटर्नमध्येच टिक करून भागतं. पण खरं सांगू का, 2025-26 साठी नव्या रिजीममध्ये 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे टॅक्स शून्य होतो, त्यामुळे आधी दोन्हीकडचा हिशोब मांडा, नाहीतर उगाच जुन्यात जाऊन टॅक्स भरत बसाल.

फॉर्मचं म्हणाल तर सतत लिहिणारा, लिखाण हाच धंदा असलेला माणूस आयटीआर-3, आणि एखादंच पुस्तक काढलेल्या नोकरदाराची रॉयल्टी साधारणपणे इतर उत्पन्नात, आयटीआर-2. 44एडीए या कलमात हिशोब न ठेवता मिळकतीच्या 50 टक्के नफा दाखवून सुटायचा मोह होतो, पण पुस्तकाचे लेखक त्या ठरलेल्या व्यवसायांच्या यादीत नाहीत. सिनेमाच्या कथा-संवाद लिहिणारे आहेत, आता याला काय म्हणावं.

केडीपीसारख्या (ॲमेझॉनवर स्वतःच पुस्तक प्रकाशित करायची सोय) ठिकाणी पुस्तक टाकलं असेल तर अमेरिकेतल्या विक्रीवर तिथेच टॅक्स कापतात. डब्ल्यू-8बीईएन (आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे सांगणारा तिथला फॉर्म) नीट भरला तर भारत-अमेरिका कर करारामुळे 15 टक्के, नाहीतर 30. इथे पण तेच, कापणीआधीची पूर्ण रक्कम दाखवा, फॉर्म 67 भरा आणि तिकडच्या टॅक्सचं क्रेडिट घ्या. या पैशावर 80क्यूक्यूबी हवी असेल तर आर्थिक वर्ष संपल्यापासून 6 महिन्यांत पैसे भारतात यायला हवेत, आणि पैसे आल्याचा दाखला म्हणून फॉर्म 10एच लागतो.

टीडीएस वजा करून वर्षाचा टॅक्स 10,000 किंवा जास्त राहत असेल तर ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी) भरायचा असतो, नाहीतर व्याज लागतं. पगारदार लेखक हे हमखास विसरतात. आणि 1 एप्रिल 2026 पासूनच्या कमाईला 2025 चा नवा आयकर कायदा लागू आहे, वर दिलेले कलमांचे नंबर त्यात बदललेत, म्हणून जुन्या वर्षाचं रिटर्न समोर ठेवून कॉपी मारू नका.