नवीन हेल्परला हत्यारं अन् सेफ्टी शिकवायची आहे का, मग आधी हसवा

आयटीआय करून पोरगं एमआयडीसीत आलं की त्याला गेटवरचा नियमांचा बोर्ड दाखवतात, ते मान हलवतं आणि चहाच्या आधीच स्क्रू ड्रायव्हर छन्नीसारखा ठोकायला घेतं. ओरडून उपयोग नसतो भो, ओरडा विसरतात, टोमणा विसरत नाहीत. म्हणून खाली जे टोमणे देतोय ते आमच्याकडे चालतात, तुम्ही तुमच्या शेडच्या हिशोबाने बदला.

सुरुवात लेथपासून (लोखंड गरगर फिरवून कापायचं मशीन) करा, कारण तिथे दुसरा चान्स मिळत नाही. चकमधली, म्हणजे लोखंड पकडणाऱ्या जबड्यातली, चावी काढायची सवय लावायची असेल तर एवढंच सांगा की चावी आत ठेवून मशीन चालू केलं तर ती विनातिकीट भुसावळला जाते, फक्त वाटेत तुझं डोकं येऊ देऊ नको. लेथ आणि ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत हे नवीन पोरांना उलटं वाटतं, सेफ्टी म्हणता अन् मोजे काढायला लावता? तेव्हा सांगायचं, फिरणारा जॉब, म्हणजे मशीनवर लावलेला तुकडा, आधी मोजा ओढतो, हात मागून येतो. बाही सैल असेल तर तेच, गळ्यातली चेन पण तेच.

ग्राइंडरचा गार्ड, म्हणजे चाकावरचं झाकण, काढून काम करणारा दिसला की विचारा, "ह्याची टोपी कुठंय रे, ऊन लागेल ना त्याला!" मे महिन्यात जळगावात हा जोक लगेच समजतो. पण हसून झालं की खरं पण सांगा: ४ इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारतो, चाकावर लिहिलेला आरपीएम मशीनपेक्षा कमी नको, चाकाच्या लोखंडी रिंगवर एक्सपायरी पण छापलेली असते ती वाचायची, आणि नवीन चाक लावलं की बाजूला उभं राहून मिनिटभर मोकळं फिरवायचं.

चष्मा कपाळावर ठेवणाऱ्याला अहिराणीतच विचारायचं, "तुना डोया कपायवर शेतस का रे भो?" (तुझे डोळे कपाळावर आहेत का रे?) ४ मार्चला सेफ्टी डेची शपथ घेऊन ५ मार्चला चष्मा खिळ्याला लटकवणारे सगळीकडे आहेत. तसं बघितलं तर डोळ्यांना धोका असलेल्या कामासाठी चष्मा मालकानेच द्यायचाय, २०२५ पर्यंत चाललेल्या फॅक्टरी ॲक्ट १९४८ च्या कलम ३५ मध्ये पण हेच होतं, तेव्हा मागायला लाजू नका म्हणून पोरांना आधीच सांगून ठेवा.

छोट्या हत्यारांचं फार ताणू नका. ठोकून ठोकून छन्नीचं डोकं पसरून त्याला फूल आलं की "लग्नाला चालली का ही?" म्हणून ते फूल ग्राइंडरवर घासायला लावा, नाहीतर ठोकताना तोच तुकडा उडतो. कानशीला मूठ नसेल तर तिची शेपटी तळहातात घुसते. पाना स्वतःकडे ओढायचा, ढकलायचा नाही, सटकला तर बोटं लोखंडावर आपटतात. बास.

आता नवीन पोराची फजिती. "स्टोअरमधून डाव्या हाताचा पाना आण" हा जुना खेळ आहे, असा पाना नसतोच, स्टोअरवाला पण सामील असतो, "संपला, उद्या ये" म्हणतो. हे चालतं. कारण पोरगं फक्त चालतं, मशीनजवळ जात नाही, आणि नंतर चहा सीनियरच्या खिशातून. पण कम्प्रेसरची हवा अंगावर मारायची नाही, कपडे झटकायला पण नाही, मस्करीत तर अजिबातच नाही, त्या हवेने आतडं फाटून माणसं गेलीत. चालू मशीनवर कोणाला दचकवायचं नाही. तिथे सीनियर असो की ठेकेदाराचा भाचा, सरळ झापायचं, जोक नाही.

दंड पैशात ठेवू नका, पैशाने भांडणं होतात. आमच्याकडे हिवाळ्यात जो चष्म्याशिवाय सापडला त्याच्याकडे भरीत पार्टीची वांगी, बामणोदचीच, बाजारातली दुसरी आणली तर दंड डबल, आणि दोनदा सापडला तर कळण्याच्या भाकरी पण त्याच्याच घरून.