समुद्रातून स्वारी करताना: या चुका बंदरातच टाळा

शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची मोहीम फसली की दोष बहुधा किनाऱ्यावरच्या लढाईला दिला जातो. दोन्ही महायुद्धांतील उदाहरणे तपासली, तर बहुतेक निर्णायक चुका सैन्य जहाजावर चढण्यापूर्वीच झालेल्या दिसतात, आणि ताफा निघाल्यावर त्या सुधारायला फारशी संधी उरत नाही.

सर्वांत दुर्लक्षित चूक माल भरण्याची आहे. तुर्कस्तानातील गॅलिपोलीवर दोस्त राष्ट्रांनी काढलेल्या मोहिमेसाठी 1915 मध्ये आलेल्या जहाजांत जागा वाचेल अशा बेताने सामान रचलेले होते. उतरताच काय हाती लागले पाहिजे याचा विचारच झालेला नसल्यामुळे ब्रिटिश सरसेनापती हॅमिल्टन यांना ती अलेक्झांड्रियाला पाठवून रिकामी करून नव्याने भरून घ्यावी लागली. गॅलिपोलीलगतच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीवरचा नौदलाचा हल्ला 18 मार्चला फसला होता आणि सैन्य उतरले 25 एप्रिलला. मधल्या पाच आठवड्यांत जर्मन सेनानी लिमान फॉन झांडर्स यांनी तुर्की फौजेची नवी मांडणी केली, खंदक खणवले आणि काटेरी तारा लावून घेतल्या. म्हणून आधी लागणारी वस्तू शेवटी चढवावी, तोफ आणि तिचे गोळे एकाच जहाजात ठेवावेत, आणि या शिस्तीपायी जहाजातली काही जागा वाया गेली तरी ती जाऊ द्यावी.

दुसरी चूक आपण येत असल्याची वर्दी स्वतःच देण्याची. ऑक्टोबर 1914 मध्ये मुंबईहून ब्रिटिशांची सुमारे 8,000 जणांची फौज जर्मन पूर्व आफ्रिकेतील टांगा बंदर घेण्यास निघाली. तिच्या पलटणींनी एकत्र सराव केलेला नव्हता आणि दीर्घ प्रवासाने शिपाई गळून गेले होते. तरीही 2 नोव्हेंबरला ‘फॉक्स’ या युद्धनौकेच्या कप्तानाने आधी बंदरात जाऊन पूर्वीचा तह रद्द झाल्याचे कळवले व शरणागती मागितली. तेवढ्या अवधीत तिथले जर्मन सेनापती लेट्टो-फोर्बेक यांनी रेल्वेने कुमक आणली. जेमतेम हजारभर सैनिकांपुढे ही फौज मागे हटली आणि मशीनगनी व लाखो काडतुसे किनाऱ्यावर टाकून 5 नोव्हेंबरला पुन्हा जहाजांवर चढली. मधमाश्यांनी केलेल्या हल्ल्याची गोष्ट रंगवून सांगितली जाते खरी, पण पराभवाचे मूळ त्या निरोपात आणि सरावाच्या अभावात होते.

तिसरी चूक पाण्याचा आणि जमिनीचा अंदाज कागदावरून बांधण्याची. उधाणाची मोठी भरती आणि भांगाची कमी भरती यांतला फरक कोकणातल्या कोळ्याला सांगावा लागत नाही. पॅसिफिक महासागरातील तारावा बेटांवर 20 नोव्हेंबर 1943 रोजी मात्र भांगाच्या भरतीत प्रवाळाच्या कड्यावर पुरेसे पाणी चढलेच नाही, नौका तिथेच अडकल्या, आणि अमेरिकन सैनिकांना गोळीबारात शेकडो मीटर पाण्यातून चालत जावे लागले. कडा ओलांडू शकणारी पट्ट्यांची वाहने होती, पण अपुरी. त्याआधी ऑगस्ट 1942 मध्ये फ्रान्समधील द्येपच्या किनाऱ्यावरील गोट्यांत रणगाडे अडकले होते. सप्टेंबर 1945 मध्ये मलायाच्या मोरिब किनाऱ्यावर भारतातून गेलेल्या फौजेची वाहनेही रुतली. जपानने आधीच शरणागती पत्करली होती म्हणूनच तिथे अनर्थ टळला. यावरचा उपाय 1944 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यापूर्वी केला गेला: पोहणारे सैनिक रात्री किनाऱ्यावर जाऊन वाळूचे नमुने घेऊन आले, आणि उतरण्याचा दिवस चंद्र व ओहोटी पाहून ठरला.

उतरल्यानंतर थबकणे ही चूकही मोठीच. गॅलिपोलीच्याच मोहिमेत सुव्हला येथे ऑगस्ट 1915 मध्ये ब्रिटिश जनरल स्टॉपफर्ड जहाजावरच राहिले आणि समोरच्या टेकड्या तुर्कांनी गाठल्या. जानेवारी 1944 मध्ये इटलीतील अँझिओला झालेल्या दिरंगाईचा दोष मात्र एकट्या अमेरिकन जनरल लुकास यांच्या माथी मारणे मला पटत नाही, कारण त्यांना सुरुवातीला दिलेले सैन्य इतके थोडे होते, की पुढे धावल्यास मागची वाट तुटण्याचा धोका खरा होता.

रसदीचा एकच मार्ग गृहीत धरू नये. नॉर्मंडीत 19 जून 1944 पासूनच्या वादळाने अमेरिकनांचे कृत्रिम बंदर मोडले, तेव्हा त्यांनी ओहोटीला जहाजे वाळूवर टेकवून माल थेट किनाऱ्यावर उतरवण्याचा सपाटा लावला, आणि पुरवठा चालू राहिला.