फलाफल तेलात फुटतं, हमस रवाळ होतं? चण्यांच्या या चुका टाळा

फलाफलचे, म्हणजे अरबी तळलेल्या वड्यांचे, काबुली चणे अजिबात शिजवायचे नसतात आणि हमसचे, म्हणजे चणे-तिळाच्या मऊ वाटणाचे, पार गळेपर्यंत शिजवायचे असतात. आपल्याकडे छोल्यांच्या सवयीने दोन्हींसाठी एकच होतं: चणे भिजवले, कुकरला लावले, दाणा अख्खा पण बोटचेपा झाला की गॅस बंद. छोल्यांना ते उत्तम. फलाफलला मात्र हे चणे जास्त शिजलेले, आणि हमसला कमी.

आधी फलाफल. डाळवडा आठवा. हरभऱ्याची डाळ शिजवून डाळवडा कोणी करत नाही. भिजवलेली कच्ची डाळ भरड वाटून तेलात सोडतो. कच्च्या दाण्यातला स्टार्च गरम तेलात शिजताना फुगतो आणि वडा धरून ठेवतो. शिजलेल्या चण्यातला स्टार्च आधीच पाणी पिऊन बसलेला, त्यात बांधायचं बळ उरत नाही. मग गोळा कढईत सुटतो, तो सावरायला मैदा, ब्रेडचा चुरा घातला जातो आणि फलाफलचं कटलेट होतं. डबाबंद चणेही शिजवलेलेच असतात, तेही चालणार नाहीत.

चणे १२ ते १८ तास भिजवा, निथळून पंचावर पसरून कोरडे करा. कांदा वाटल्यावर पिळून घ्या, कारण बहुतेक वेळा पाणी त्याचंच सुटतं. पार्सली, कोथिंबीर, लसूण, जिरं, धने घालून मिश्रण जाड रव्याइतकं वाटा. पेस्ट झाली की फलाफल आतून गच्च होतं. फार भरड राहिलं की सुटतं. मुठीत दाबून गोळा टिकतोय का बघा. टिकत नसेल तर अर्धं मिश्रण आणखी थोडं फिरवा, एक-दोन चमचे बेसन घाला, तासभर फ्रिजमध्ये ठेवा. बेकिंग पावडर मात्र तळण्याच्या अगदी आधी. तेल १७० ते १८० अंश सेल्सियस हवं. बाहेरून काळपट आणि आत कच्चं राहिलं तर तेल जास्त तापलंय. तेलकट झालं तर कमी.

आणि आत हिरवंगार दिसणारं फलाफल रंग घालून केलेलं नसतं. इजिप्तमध्ये याला तामिया म्हणतात, ते चण्यांचं नाही तर ‘फूल’चं, म्हणजे बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) सोललेल्या सुक्या दाण्यांचं करतात. त्यात हिरवा पाला भरपूर, वर तीळ. तिथले कॉप्टिक ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत ते खातात. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, जॉर्डनकडचं फलाफल बहुधा चण्यांचं.

आता हमस. अरबीत या शब्दाचा अर्थच चणे. पदार्थाचं पूर्ण नाव ‘हुम्मुस बि तहीना’, तहिनीसह, म्हणजे तिळाच्या वाटणासह, चणे. म्हणून तहिनी वगळून दाण्याचं कूट किंवा दही घातलेल्या पदार्थाला हमस म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं.

रवाळ हमसचं कारण मिक्सर नसतो, चण्यांची सालं आणि अर्धवट शिजणं असतं. वाटीभर चणे अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवा. पाणी बदलून, पुन्हा पाव चमचा सोडा घालून शिजवा. सोड्याने सालं सैल होतात आणि दाणा मऊ होतो. फेस फार येतो, म्हणून कुकर निम्म्याहून जास्त भरू नका. दाणा दोन बोटांत लोण्यासारखा चिरडला पाहिजे. वर तरंगणारी सालं काढून टाका. चणे गरम असतानाच वाटा.

तहिनी घरी करताना हात संक्रांतीच्या सवयीने जास्त भाजतो. लाडवाचे तीळ खमंग लागतात, पण तहिनीत तेच कडू उतरतात. पॉलिश केलेले पांढरे तीळ घ्या, रंग बदलायच्या आत उतरवा. वाटीभर चण्यांना पाऊण वाटी तहिनी लागते. दोन चमच्यांवर भागवू नका. लसूण ठेचून दहा मिनिटं लिंबाच्या रसात ठेवला की उग्रपणा जातो.

लिंबाचा रस पडताच तहिनी घट्ट होते, गोळा होतो. बऱ्याच जणी ती फाटली समजून टाकून देतात. फाटलेली नसते. तेलातले तिळाचे बारीक कण थोड्या पाण्याने एकमेकांना चिकटतात, एवढंच. बर्फाचं पाणी चमचा-चमचा घालत घोटत राहा, ती पांढरी आणि मऊ होईल. मग चणे घाला.

ऑलिव्ह तेल वाटताना नको. पसरट ताटलीत हमस काढा, चमच्याच्या पाठीने गोल खळगा करा, तेल त्यात ओता. हमस गार झालं की आळतं, म्हणून वाटताना हवं त्याहून थोडं सैल ठेवा. फ्रिजमधलं असेल तर अर्धा तास आधी बाहेर काढा, चमचाभर कोमट पाणी घालून ढवळा, आणि खुब्झचा, म्हणजे अरबी रोटीचा, तुकडा तोडून त्यानेच उचलून खा.