नागपुरात कमी पैशांत शोकांतिकेचा सिनेमा: आधी आवाज सांभाळा

शोकांतिकेचा जीव संवादांत असतो. बजेट तुटपुंजं असेल तर भारी कॅमेऱ्याच्या मागे लागू नका, मोबाइल चालेल. माइक आणि साउंड रेकॉर्डिस्ट मात्र चांगलाच हवा.

सिनेमासाठी नाटक निवडताना आधी हक्क पाहा. लेखक गेल्यावर ६० वर्षांनी संहिता मुक्त होते. आपल्या सावनेरला १९१९ साली गेलेल्या गडकऱ्यांचं 'एकच प्याला' त्यामुळे घेता येतं, शिरवाडकरांचं 'नटसम्राट' परवानगीशिवाय नाही. शेक्सपिअर मोकळा आहे, पण त्याच्या मराठी अनुवादाचा हक्क अनुवादकाकडे असतो.

संहिता ८०-९० पानांवर आणा, एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. रंगमंचावर कुणीतरी धावत येऊन जी बातमी सांगतं, ती दाखवता येत असेल तर संवाद कापा. स्वगताला हात लावू नका. ते हळू आवाजात वेगळं रेकॉर्ड करून चेहऱ्याच्या क्लोजअपवर चालवा. अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने १९४८च्या 'मॅकबेथ'चे संवाद आधीच रेकॉर्ड करून घेतले होते आणि शूटिंग २३ दिवसांत उरकलं होतं.

शूटिंग डिसेंबर-जानेवारीतच ठेवा. मे महिन्यात कूलर बंद केला की नट घामाने निथळतो, आणि चालू ठेवला तर त्याची घरघर संवादात मिसळते, ती नंतर नीट निघत नाही. पण हिवाळ्यात झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांचे, कलावंत वडसा-गडचिरोलीकडे प्रयोगांत असतात, म्हणून त्यांच्या तारखा दिवाळीआधीच पक्क्या करा. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला तयार झालेला असतो. तालमीत समोरच्याला तीन फुटांवर बसवा, आवाज आपोआप खाली येतो.

नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा दिसतो देखणा, पण घुमतो फार. फ्रेमबाहेरच्या भिंतींवर रजया टांगा, खाली सतरंज्या अंथरा. माइक तोंडापासून दीड-दोन फुटांवर. पंखे, पाण्याची मोटर, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा लावायचा राहू नये म्हणून गाडीची किल्ली त्यातच ठेवा. प्रत्येक खोलीची ३० सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा, नाहीतर एडिटिंगमध्ये कटागणिक आवाज तुटतो.

कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटरवर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, १/६० ठेवलं तर दिवे लुकलुकताना दिसू शकतात.

रक्तासाठी एक वाटी घट्ट साखरेचा पाक, दोन चमचे खायचा पातळ लाल रंग, अर्धा चमचा कोको. कोको विसरलात तर ते सरबतासारखं दिसतं. टेक झाला की लगेच पुसा, मुंग्या लागतात. अशा दृश्याला एकसारखे तीन सदरे तरी हाताशी हवेत.