सुताराच्या पोराने बांधलेली अ‍ॅल्युमिनियमची खोली

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम. बाबांनी दापोलीच्या आसपास किती घरांवर वासे चढवले, त्याचा हिशेब त्यांनाही नाही. मी मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांच्या धंद्यात शिरलो आणि आता बागांमध्ये राहायच्या खोल्याही उभ्या करतो. पहिली खोली करायला घेतली तेव्हा बाबा म्हणाले, "खिडकी ठीक आहे रे, पण भांड्याच्या धातूत माणूस राहायचा कसा?"

तसं हे नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये विमानांच्या कारखान्यांनी अ‍ॅल्युमिनियमची ५४ हजारांवर घरं तयार केली. चार तुकडे ट्रकवरून न्यायचे आणि जागेवर जोडायचे. आपल्याकडे कारण वेगळं. जुना पक्का साग परवडत नाही, ऐन-किंजळ कच्चा मिळतो आणि चार पावसाळ्यांत वाळवी आढ्यापर्यंत पोचते.

माप बोर्डावरून ठरवा, हौसेवरून नको. सिमेंट बोर्ड ४ बाय ८ फुटांचा येतो आणि सेक्शन, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे तयार पाइप-पट्ट्या, १२ व १६ फुटी मिळतात. म्हणून खोली १२ बाय १६. चारी भिंती मिळून ५६ फूट, म्हणजे ४ बाय ८ च्या बरोब्बर १४ चौकटी. ५० बाय ५० बाय २ मिमीच्या चौकोनी पाइपची एक चौकट ११-१२ किलोची होते, एकटा माणूस खांद्यावर नेतो. सगळ्या वर्कशॉपमध्येच बनवायच्या, नंबर टाकायचे आणि पिकअपमध्ये भरायच्या. खिडकीसाठी वापरतो तो पातळ सेक्शन इथे चालत नाही. दुकानात "टी-६" टेंपर, म्हणजे उष्णता देऊन कडक केलेला माल, मागून घ्या. जोड आतून अँगलचे तुकडे लावून बोल्टने करा. वेल्डिंग दिसायला पक्कं, पण डागाशेजारी धातूची ताकद जवळपास निम्म्यावर येते.

वाशांना मात्र १०० बाय ५० बाय ३ चा पाइप, दर चार फुटांवर, आणि तो उभा, म्हणजे १०० ची बाजू उभी ठेवून. बाबांना पटवायला मी १२ फुटी पाइप दोन ओंडक्यांवर ठेवला, खाली दोरी ताणली आणि मधोमध सिमेंटची दोन पोती टांगली. उभा पाइप १२-१३ मिमी वाकला. तोच आडवा फिरवल्यावर जवळपास तिप्पट. बाबा एवढंच म्हणाले, "वासा कधी कोणी आडवा घालतं का?" लाकडाचं हे ज्ञान धातूलाही लागू पडतं. अ‍ॅल्युमिनियम तर लोखंडाच्या तिप्पट लवचिक, म्हणून लोखंडी शेडची मापं जशीच्या तशी उचलायची नाहीत.

आता ज्यात मी स्वतः फसलो ते. अ‍ॅल्युमिनियम सडत नाही, पण त्याची संगत जपावी लागते. पहिल्या खोलीला मी पैसे वाचवायला साधे जस्त चढवलेले बोल्ट लावले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर प्रत्येक बोल्टभोवती मिठासारखी पांढरी भुकटी जमली होती. बोटाने खरवडली तर खाली भोक वाटोळं राहिलेलंच नव्हतं. खाऱ्या हवेत बोल्टवरचं जस्त आधी जातं, मग उघडं पडलेलं लोखंड अ‍ॅल्युमिनियम खायला लागतं. सगळे बोल्ट माझ्या खर्चाने बदलून दिले. तेव्हापासून ३१६ ग्रेडचं स्टेनलेस आणि प्रत्येक बोल्टखाली नायलॉनचा वॉशर. ओलं सिमेंटही अ‍ॅल्युमिनियमला खातं. म्हणून खालच्या पट्टीला डांबरी रंगाचे दोन हात, आणि चौकट व बोर्ड यांच्यामध्ये रबराची पट्टी. ती पट्टी बाहेरची उष्णताही अडवते. चौकटींच्या पोकळीत रॉकवूल (दगडी तंतूंचा कापूस) भरा आणि छपराला ५० मिमीचं पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम) घाला, नाहीतर एप्रिलमध्ये खोलीची भट्टी होते.

आता वाऱ्याचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या भागात कौलं, पत्रे, माड सगळं गेलं. ताशी १२० किमीच्या वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरला साधारण ६८ किलो. १२ बाय १६ च्या छपराला तो तेवढ्याच जोराने वर ओढतो असं धरलं तर बाराशे किलो होतात. छप्पर स्वतः भरतं तीन-सव्वातीनशे. म्हणजे इथे छप्पर पेलण्याइतकंच ते धरून ठेवणं महत्त्वाचं. चिऱ्याचं, म्हणजे जांभा दगडाचं, जोतं छान दिसतं, पण जांभा मऊ, त्यात बोल्ट टिकत नाही. जोत्यावर लोखंडी सळीचा काँक्रीट पट्टा घाला, त्यात दर चार फुटांवर १२ मिमीचा अँकर बोल्ट बसवा आणि वाशापासून त्या बोल्टपर्यंत जोड कुठे तुटू देऊ नका. मापं ठरली की एकदा इंजिनिअरला दाखवा. खोली सुटी होते म्हणून परवानगी टळत नाही, तेव्हा ग्रामपंचायतीतही आधीच जाऊन या.

छपराच्या लांब पट्ट्यांना गोल भोक पाडू नका, लांबट पाडा. १६ फुटी पट्टी ३० अंशांच्या फरकाने तीन-साडेतीन मिमी वाढते. जागा नसली की दुपारभर टक्-टक् आवाज येत राहतो. एका गिऱ्हाईकाच्या सासूबाईंना वाटलं, वर कोणी चालतंय!

वीज जोडताना सांगाड्याला अर्थिंग हवंच, आणि ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबीही (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच). तांब्याची अर्थिंगची तार थेट टेकवायची नाही, टिन (कथील) चढवलेला लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, मध्ये घ्यायचा. चूल बाहेर पडवीत. ६६० अंशांना हा धातू वितळतो, पण बळ त्याच्या खूप आधी सोडतो.

दरवाजा बाबांनी फणसाचा करून दिला, ऐकलंच नाही. ओलं लाकूडही धातूला टेकलेलं बरं नाही, म्हणून टेकणाऱ्या कडेला ऑइलपेंट मारून घेतला. बाकी देखभाल थोडी. पाऊस भिंती धुतो, पण वळचणीखालचा खार तसाच राहतो. तेवढी जागा दिवाळीला आणि होळीला गोड्या पाण्याने धुवा, आणि मे संपता संपता पाना घेऊन सगळे बोल्ट फिरून बघा.